जुलैत खुर्ची, फेब्रुवारीत पैसा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: ३२ सभासदांचा समाजसेवी क्लब, येत्या १ जुलैपासून तुम्ही अध्यक्ष. गेल्या वर्षी २६ प्रोजेक्ट झाले, एक मोठी संगीत रजनी झाली, तरी वर्षअखेरीला खात्यात जेमतेम काही उरलं आणि शेवटचे तीन महिने मीटिंगला दहा-बारा डोकीच दिसायची. तर यंदा पैसा कसा उभा करायचा, कोणते प्रोजेक्ट घेतले म्हणजे वर्ष भरगच्च दिसेल, आणि जाता जाता, स्मरणिका काढावी का.

मी आमच्या क्लबात चार वर्षं ट्रेझरर, दोन वर्षं सेक्रेटरी आणि एक वर्ष अध्यक्ष होते. अध्यक्षाला वर्ष एक दिसतं, ट्रेझररला दुसरंच. माझं उत्तर बरंचसं ट्रेझररच्या खुर्चीतून आलेलं आहे. तिथून पाहिलं तर तुमच्याकडे पैसा कमी आहे असं मला वाटत नाही. तो येतो कधी आणि लागतो कधी, याचा मेळ बसत नाही. आणि ‘भरगच्च दिसेल’ हे शब्द त्या गोंधळात भर घालतात.

आधी काही गोष्टी कशावर अवलंबून आहेत ते सांगते. तुमचा क्लब कोणत्या मातृसंस्थेचा आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही. अशा क्लबांच्या जागतिक संघटनांपैकी रोटरी आणि लायन्सचं वर्ष १ जुलैला सुरू होतं, किवानीसचं १ ऑक्टोबरला. मी जुलै धरून लिहिते, तुम्हीही तोच लिहिलाय. देणगीच्या पावत्या, करसवलत, नोंदणी यांचे नियम देशागणिक वेगळे, त्यात मी पडत नाही. ते तुमच्या हिशेबनिसाला विचारा, तेही पहिली पावती फाडण्याआधी. आणि ३२ पैकी खरोखर राबणारे किती, हे तुम्हालाच माहीत. आमच्याकडे पटावर ४० होते तेव्हाही कामाला हात लावणारे अकरा-बाराच होते, आणि मला वाटतं बहुतेक क्लबांत साधारण हेच प्रमाण निघेल.

आता वर्षाची चाल बघा. जुलैत पदग्रहण. ऑगस्टमध्ये कमिट्या ठरतात, निदान कागदावर. मग डिस्ट्रिक्ट गव्हर्नरची, म्हणजे आपल्या भागातल्या सगळ्या क्लबांच्या (त्यालाच डिस्ट्रिक्ट म्हणतात) प्रमुखाची ऑफिशियल व्हिजिट, तिच्यासाठी फाइल, फोटो, अहवाल. मोठा फंडरेझर उभा करायला चार-पाच महिने लागतातच: सभागृहाची तारीख, कलाकार, स्पॉन्सर. म्हणजे पैसा खात्यात येतो जानेवारी-फेब्रुवारीत. तोवर पुढचा अध्यक्ष ठरलेला असतो आणि सगळ्यांची नजर त्याच्याकडे वळलेली असते. पहिल्या सहामाहीत उत्साह असतो पण पैसा नसतो, म्हणून ‘कुणीतरी देईल’ या भरवशावर छोटी छोटी कामं होतात. दुसऱ्या सहामाहीत पैसा येतो तेव्हा माणसं दमलेली असतात. आणि जूनमध्ये सगळ्यांना एकदम आठवतं की खात्यातले पैसे ‘आपल्या वर्षात’ खर्च व्हायला हवेत.

असाच एक जून आमच्याकडे झाला. मी ट्रेझरर. शेवटच्या पंधरवड्यात अध्यक्ष म्हणाले, एखाद्या शाळेला पाणी शुद्ध करायचं यंत्र देऊन टाकू. दहा दिवसांत यंत्र आलं, बसलं, फीत कापली, फोटो बुलेटिनमध्ये गेला. पुढच्या वर्षी काही कामानिमित्त मी त्या शाळेत गेले. यंत्रावरची आमच्या क्लबची पितळी पाटी लखलखत होती. कुणीतरी ती नेमाने पुसत असावं. मी नळ फिरवला तर आधी खरखर, मग नुसती हवा. फिल्टर चोंदून कितीतरी महिने झाले होते. शिपाई म्हणाला, “मॅडम, कुणाला कळवायचं तेच कळेना. पाटीवर नावं आहेत, नंबर कुणाचाच नाही.” मी वाचून पाहिलं. सहा नावं होती, हुद्द्यांसकट. सहावं माझं.

त्या दिवसापासून आमच्या बोर्डात मी दोन गोष्टींचा धोशा लावला. पहिली: वस्तू देण्याचा प्रोजेक्ट मंजूर करताना तीन वर्षांच्या देखभालीचा खर्च त्याच बजेटमध्ये धरायचा, आणि तेवढा पैसा नसेल तर वस्तू लहान घ्यायची किंवा घ्यायचीच नाही. दुसरी: पाटीवर नावांऐवजी फोन नंबर, तोही व्यक्तीचा नाही तर क्लबचा, जो दरवर्षी सेक्रेटरीकडे जातो. पाटीचा मुद्दा पास व्हायला देखभालीच्या मुद्द्यापेक्षा जास्त वेळ लागला, हे सांगायला हरकत नाही.

तर माझा सल्ला एवढाच आहे, आणि तो अध्यक्ष होणाऱ्या माणसाला गोड लागत नाही: यंदा तुम्ही जो मोठा निधी जमवाल तो पुढच्या वर्षाच्या कामासाठी जमवा. तुमच्या वर्षाची मोठी कामं मागच्या शिलकीवर चालली पाहिजेत. ती शिलक तुमच्याकडे नाही, म्हणून कुणाला तरी एकदा एक वर्ष पोट आवळून काढावं लागतं. ते तुम्ही काढा. एकदा का हे चक्र एक वर्षाने पुढे सरकलं की नंतरच्या प्रत्येक अध्यक्षाला १ जुलैला माहीत असतं की हातात किती आहे. मग प्रोजेक्ट पैशाच्या अंगाने कापावे लागत नाहीत आणि जूनची धावपळही थांबते.

हे मी माझ्या डोक्यातून काढलेलं नाही. रोटरी फाउंडेशन या रोटरीच्या निधीसंस्थेची रचनाच अशी आहे. क्लब ॲन्युअल फंडाला जे देतात ते तीन वर्षं गुंतवलेलं राहतं, आणि मग त्यातला जवळपास निम्मा भाग डिस्ट्रिक्टकडे प्रोजेक्टसाठी परत येतो. म्हणजे आज डिस्ट्रिक्ट ग्रँटमधून एखाद्या अध्यक्षाला जे मिळतं, त्यासाठी हात पसरला होता तीन वर्षांपूर्वीच्या अध्यक्षाने. या फाउंडेशनची कल्पना रोटरीचे तेव्हाचे अध्यक्ष आर्च क्लंफ यांनी १९१७ मध्ये मांडली आणि पहिली देणगी आली कॅन्सस सिटीच्या क्लबकडून, २६ डॉलर ५० सेंट. तेव्हा त्यात कुणाचं ‘वर्ष’ उठून दिसलं असेल असं वाटत नाही.

मोठी उदाहरणंही हेच सांगतात. १९२५ मध्ये अमेरिकेतल्या सीडर पॉइंटला अंध-बधिर लेखिका हेलन केलर लायन्सच्या अधिवेशनात बोलल्या, अंधांसाठी काम करा म्हणाल्या, आणि दृष्टी हा विषय लायन्सला चिकटला तो आजपर्यंत. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओप्लस ही पोलिओविरोधी लसीकरणाची मोहीम सुरू केली तेव्हा १२ कोटी डॉलरचं लक्ष्य होतं, १९८८ पर्यंत २४ कोटी ७० लाख जमले. पण पोलिओ पैसा जमला त्या वर्षी गेला नाही. भारतातला शेवटचा रुग्ण सापडला जानेवारी २०११ मध्ये. मधल्या काळात प्रत्येक क्लबात २५ अध्यक्ष होऊन गेले. दरवर्षी नवा विषय घेतला असता तर?

आता पैशाकडे. तुमच्या संगीत रजनीचा हिशेब तुम्ही दिलेला नाही, आमचा सांगते. कार्यक्रमानंतर तिसऱ्या दिवशी मी घरच्या टेबलावर तिकिटांची अर्धुकं मांडून बसले. प्रत्येक सभासदाला दहा तिकिटं ‘घ्यायलाच हवीत’ असा फतवा होता. अर्धुकांवर खुणा होत्या, कुणाचं पुस्तक ते कळत होतं. दर दहातली सात तिकिटं सभासदांच्या स्वतःच्या घरात, नाहीतर मेहुण्या-भाच्यांकडे गेली होती. काही पुस्तकं तर अख्खीच्या अख्खी परत आली होती, पैसे सभासदाने भरून. मग खर्च मांडला: सभागृह, कलाकार, ध्वनिव्यवस्था, छपाई, जाहिरात. शंभर जमले तर पासष्टच्या आसपास खर्च. म्हणजे प्रोजेक्टला पस्तीस मिळावेत म्हणून आमच्याच सभासदांनी आपल्याच खिशातून शंभरापैकी सत्तर काढले होते. शिवाय दोन महिन्यांच्या संध्याकाळी. त्यापेक्षा प्रत्येकाने घरी बसून निम्म्या रकमेचा चेक लिहिला असता तर निधी तेवढाच झाला असता आणि फेब्रुवारीनंतर मीटिंगला माणसं दिसली असती. तुमची रिकामी खुर्ची मला तिथेच दिसते. माणसं समाजकार्याला कंटाळत नाहीत हो, तिकिटं खपवायला कंटाळतात.

याचा अर्थ कार्यक्रम करूच नका असा नाही. त्यातून नवे लोक क्लब बघतात, दोन-तीन चांगले सभासद मिळतात, आणि कधीकधी मजाही येते. पण त्यावर माझी एक अट आहे: सगळा खर्च स्पॉन्सरकडून लेखी पक्का झाल्याशिवाय तिकिटं छापायची नाहीत. मग विकलेलं प्रत्येक तिकीट सरळ प्रोजेक्टला जातं आणि कमी खपली तरी क्लब बुडत नाही. स्पॉन्सर जमले नाहीत तर कार्यक्रम रद्द करायची धमक ठेवा. आम्ही एकदा नोव्हेंबरमध्ये रद्द केला. आठवडाभर लोक कुजबुजले, मग विसरले.

पैशाचा पहिला झरा तुमचे सभासदच. पण तो तिकिटांच्या आडून नको, सरळ मागा. जुलैच्या पहिल्या बोर्ड मीटिंगनंतर प्रत्येकाला एक बंद पाकीट: वर्षभरात मी इतके देईन, एकरकमी किंवा तिमाही. आकडा फक्त ट्रेझररला माहीत. आमच्याकडे पहिल्या वर्षी रजनीच्या निव्वळ उत्पन्नापेक्षा जास्त आकडा पाकिटांतून निघाला. बोली लावल्यासारखं सगळ्यांसमोर विचारलं असतं तर दोघा-तिघांनी मोठं बोलून दाखवलं असतं, बाकीचे पुढच्या मीटिंगला आले नसते. इथे थोडं तुमच्या क्लबच्या स्वभावावर आहे. काही क्लबांत उघड चुरस खपते. तुमच्याकडे शेवटी दहा-बारा जण येत होते म्हणजे बहुधा खपत नाही.

दुसरा झरा म्हणजे व्यावसायिक, कंपन्या. त्यांच्याकडे ‘आमच्या क्लबला मदत करा’ म्हणून जाऊ नका. ठरलेली एक वस्तू, तिची किंमत, ती कुणाला आणि नंतर ती कोण सांभाळणार, असा एक कागद घेऊन जा. एकच कागद. आणि काम झाल्यावर महिन्याच्या आत त्याच माणसाला हिशेब आणि एक फोटो पाठवा, मागितला नसला तरी. दुसऱ्या वर्षी त्याच दाराशी उभं राहायचं तर एवढं पुरतं.

तिसरं, ग्रँट. इथे नवे अध्यक्ष फार फसतात. रोटरीच्या ग्लोबल ग्रँटसाठी प्रोजेक्टचं बजेट किमान ३०,००० डॉलर लागतं, दुसऱ्या देशातला भागीदार क्लब लागतो, आणि तिथल्या लोकांची गरज आधी पाहणी करून लिहून द्यावी लागते. आधीच सुरू केलेल्या कामाला ती मिळत नाही. जुलैत अध्यक्षाने स्वप्न पाहिलं तर मंजुरी येईपर्यंत त्याच्या छातीवर पास्ट प्रेसिडेंटची पिन लागलेली असते. यात वाईट काही नाही, फक्त तो पैसा ‘माझ्या वर्षाच्या’ बजेटमध्ये धरू नका. अर्ज करा, पण अर्जावर तुमच्याबरोबर पुढच्या अध्यक्षालाही बसवा.

खात्यांबद्दल एक सक्त गोष्ट. लायन्समध्ये नियमच आहे: लोकांकडून जमवलेला पैसा लोकांच्याच कामी लागला पाहिजे, क्लबच्या कारभाराला नाही. फंडरेझरचा प्रत्यक्ष खर्च तेवढा त्यातून वजा करता येतो. कारभार चालतो सभासदांच्या वर्गणीवर आणि टेल ट्विस्टर हा पदाधिकारी मीटिंगमध्ये जो गमतीचा दंड गोळा करतो त्यावर. तुमचा क्लब कुठलाही असो, दोन खाती ठेवा, नुसत्या दोन वह्या नकोत, बँकेतच दोन. पदग्रहणाचा मांडव, पाहुण्याचं स्मृतिचिन्ह, बुलेटिनची छपाई, यातलं काहीही प्रोजेक्ट खात्यातून एकदा गेलं की मग कुणालाच थांबवता येत नाही. मी पहिल्या वर्षी एकदाच ‘आत्ता देऊ, नंतर फिरवून घेऊ’ म्हणून दिले होते. ते फिरवून घ्यायला सात महिने आणि दोन भांडणं लागली.

आता कामांची निवड. २६ हा आकडा विसरा. माझ्या मते तुमच्या ताकदीच्या क्लबला एक मुख्य काम पुरतं, जे किमान तीन अध्यक्ष चालवतील. त्याच्याबरोबर दोन-तीन ठरलेली वार्षिक कामं, ज्यांची तारीख गावाला पाठ झालीय, रक्तदानासारखी. बाकी जे फुकटात होतं ते: व्यवसाय मार्गदर्शन, वृद्धांना सरकारी अर्ज भरून देणं, मुलांना वाचून दाखवणं. तुमच्या पोट आवळायच्या वर्षात ही फुकटची कामंच तुम्हाला तारतील, आणि खरं सांगायचं तर राबणाऱ्या अकरा जणांपलीकडचे लोक अशाच कामांना येतात, कारण तिथे वर्गणी मागत नाहीत.

मुख्य काम कोणतं हे बोर्डात ठरवू नका. जाऊन विचारा. शिकागोचा पहिला रोटरी क्लब १९०५ मध्ये निघाला तो व्यापाऱ्यांच्या ओळखीपाळखीसाठी. दोनच वर्षांनी त्याने जे पहिलं मोठं नागरी काम हाती घेतलं ते होतं सार्वजनिक स्वच्छतागृहांचं. शोभेचं काम नव्हे. शिवाय ते एकट्याने बांधून दिलं नाही, शहर प्रशासन आणि इतर संस्थांना बरोबर घेतलं, मागे लागून करवून घेतलं. क्लबची ताकद बऱ्याचदा पैशापेक्षा या मागे लागण्यात असते. आमच्या क्लबचं सगळ्यात टिकलेलं काम म्हणजे एका दवाखान्याबाहेर नातेवाइकांना बसायला केलेली शेड. दवाखान्याला आम्ही यंत्र देणार होतो. दोघी सभासद तीन दिवस तिथे नुसत्या बसल्या आणि येऊन म्हणाल्या, यंत्र राहू दे, लोक उन्हात उभे आहेत.

(तिथे बसायला दोघीच का गेल्या, हेही एकदा बोलायला हवं. रोटरीने स्त्रियांना सभासदत्व खुलं केलं ते १९८९ मध्ये, लायन्सने १९८७ मध्ये. त्याआधी आम्ही सभासदांच्या बायका म्हणून तिकिटं विकायचो. सवयी पटकन जात नाहीत.)

अहवालाचं थोडक्यात. ‘लाभार्थी १,२००’ असं लिहायच्या आधी थांबा. एका वर्षी मी आमच्या आरोग्य शिबिराचा आकडा तपासला तर त्यात शाळेची सगळी पटसंख्या, शिक्षक आणि आम्ही स्वतः धरलेलो होतो. प्रत्यक्ष तपासणी झाली होती १८५ मुलांची. रोटरीत हर्बर्ट टेलर यांची १९३२ ची चतुर्विध कसोटी (स्वतःला विचारायचे चार प्रश्न) मीटिंगला मोठ्याने म्हणतात, तिचा पहिलाच प्रश्न आहे, हे सत्य आहे का. तो अहवालाला लावला की आकडे आपोआप सडपातळ होतात. १८५ मधल्या किती मुलांचे पालक नंतर डॉक्टरांकडे गेले, हा आकडा मात्र खरा कामाचा. तो काढायला दोन सभासद आणि फोनवरचे चार दिवस लागतात.

तर तुमचं वर्ष साधारण असं दिसेल. जुलैत पाकिटं आणि दोन खाती. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मुख्य कामासाठी लोकांत जाऊन बसणं, त्यात पुढचा अध्यक्ष आणि शक्य तर त्याच्या पुढचाही बरोबर. ऑक्टोबरपर्यंत स्पॉन्सर जमले तर कार्यक्रम, नाहीतर नाही. हिवाळ्यात वार्षिक ठरलेली कामं. फेब्रुवारीत जे जमेल ते वेगळं काढून ठेवा आणि त्याचा ठराव मिनिट्समध्ये घाला, म्हणजे एप्रिलमध्ये कुणाच्या डोळ्यांत ते खुपलं तरी हात लावता येणार नाही. मे-जूनमध्ये जुन्या कामांची फेरी: गेल्या पाच वर्षांत दिलेल्या वस्तू जाऊन पाहा, यादी करा, चालू किती, बंद किती. ही यादी पुढच्या अध्यक्षाच्या हातात द्या.

‘मग माझ्या वर्षात दिसणार काय?’ असं तुमच्या मनात आलं असेलच. कमी दिसेल. डिस्ट्रिक्टच्या बक्षीस समारंभात तुमचं नाव बहुधा पुकारलं जाणार नाही. माझ्या वर्षी आम्हाला एकच बक्षीस मिळालं, बुलेटिनसाठी, आणि बुलेटिन सेक्रेटरीच्या मुलीने केलेलं होतं. हे सहन होणार नसेल तर आत्ताच मान्य करा आणि निदान अर्धा निधी पुढे न्या. अर्ध्यानेही पुष्कळ फरक पडतो. आणि हा सगळा बेत पुढच्या अध्यक्षाला पटला नाही तर कागदावरच राहील, म्हणून त्याच्याशी आधी बोला, बोर्डाशी नंतर.

राहिली स्मरणिका. ती म्हणजे दुसऱ्या नावाने मागितलेली देणगी. जाहिरातदार दरवर्षी तेच, आणि तो अंक कुणी वाचत नाही हे त्यांनाही माहीत असतं. मोठी काढू नका, आमच्या एका अंकाचे गठ्ठे सेक्रेटरीच्या गॅरेजमध्ये तीन वर्षं गाडीला अडत होते. काढायचीच असेल तर सोळा पानी काढा, शुभेच्छा संदेशांना एक पान, आणि मधल्या दोन पानांवर वर्षाचा पूर्ण जमाखर्च छापा: कुणाकडून किती आलं, कशावर किती गेलं, किती उरलं आणि का ठेवलं. आम्ही हे पहिल्यांदा केलं त्याच्या पुढच्या वर्षी दोन जाहिरातदार आपणहून म्हणाले, पानभर जाहिरात नको, तेवढेच पैसे घ्या आणि त्या मधल्या पानावर जमेच्या बाजूला आमचं नाव टाका.